दादाचं मीठ

मागच्या वर्षी एका सकाळी लॅबमधून व्हॉट्सअ‍ॅपवर दादाचा रिपोर्ट आला आणि मी पतपेढीच्या काउंटरवर बसल्या बसल्या गार पडले. लिथियम, म्हणजे दादाची मनाच्या आजारावरची गोळी, रक्तात २.४. ज्यांच्या घरात ही गोळी चालू आहे त्यांना हा आकडा म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. दादाचा आकडा ०.६ ते ०.८ च्या मधे असायला हवा, १.५ च्या वर गेला की विषबाधा धरतात, आणि २ च्या वर म्हणजे थेट अ‍ॅडमिट, वेळ पडली तर डायलिसिस. समोर उभ्या आजोबांना पासबुक देता देताच दादाला फोन लावला. तो बागेत होता.

"काय गो, मी हय पंप दुरुस्त करतंय. काय झाला?"

आवाज नेहमीसारखा, जीभ जड नाही. हात थरथरतायत का विचारलं, नाही. जुलाब? नाही. सकाळी काय खाल्लंस तर चार आंबोळ्या आणि वर काळ्या वाटाण्याची उसळ. आता २.४ वाला माणूस पंप खोलून बसत नाही आणि चार आंबोळ्या तर नाहीच नाही. मग डोक्यात ट्यूब पेटली, आणि ट्यूबच होती ती खरोखर. लॅबला फोन केला, विचारलं रक्त कुठल्या झाकणाच्या ट्यूबमधे घेतलं. पोरगा म्हणाला, "हिरव्या, मॅडम."

झालं. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमधे रक्त गोठू नये म्हणून आतून हेपॅरिन लावलेलं असतं आणि ते बऱ्याचदा हेपॅरिनचं लिथियम मीठच असतं! म्हणजे आपण रक्तातलं लिथियम मोजायला निघालोय आणि बाटलीच लिथियमची. त्याच दिवशी लाल झाकणाच्या साध्या ट्यूबमधे परत रक्त दिलं, आकडा आला ०.७. लॅबचं नाव घेत नाही, पोरगा नवीन होता, चुकला. पण त्या दिवशी दादाला दोन तास लांबच्या हॉस्पिटलात नेऊन सलाईन लावून टाकलं असतं तर कोणी चूक म्हटलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल पतपेढीतल्या बाईला हे कसं माहीत. बीकॉम आहे मी, मेडिकलशी काही संबंध नाही. पण घरात हा आजार आला की माणूस रात्री अकरानंतर मोबाईलवर काय काय वाचायला लागतो ते विचारू नका, बारा वर्षं वाचतेय. दादाला विचारूनच लिहितेय हे. म्हणाला, "लिव, पण माझा नाव घालू नको." तर दादा एवढंच.

सुरुवात झाली ती पावसाळ्यात. आमचं गाव देवगड तालुक्यात, मी नोकरीमुळे कणकवलीत. त्या वर्षी लावणीच्या दिवसात आईचा फोन, दादा उठत नाही. मला वाटलं ताप असेल. जाऊन बघते तर माजघरात भिंतीकडे तोंड करून पडलेला, दाढी वाढलेली, बाजूला बांगड्याचं तिखलं तसंच, त्यावर तवंग धरलेला. बांगडा न खाणारा दादा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. नंतर बरा झाल्यावर त्याने सांगितलं की तो दिवसभर कौलं मोजायचा. एका ओळीत किती, किती ओळी, आणि शेवटपर्यंत पोचायच्या आत आकडा विसरायचा, मग परत पहिल्यापासून. विचार म्हणून तेवढाच शिल्लक होता म्हणे, बाकी सगळं पाण्याखाली गेल्यासारखं.

वाडीत जे बोलायचं ते बोलून झालं. आळस. लग्न झालं तर ठीक होईल. आई म्हणायची बाहेरचा काय तरी आसा, आणि मग गाऱ्हाणं, नारळ, कोंबडा. मी तेव्हा चिडायचे, आता चिडत नाही, कारण आई निदान काहीतरी करत होती. आम्ही बाकीचे नुसते समजावत होतो, आणि डिप्रेशनच्या माणसाला समजावणं म्हणजे बुडणाऱ्याला काठावरून पोहायचे नियम सांगणं.

शेवटी एका डॉक्टरांनी अँटिडिप्रेसंट सुरू केलं. दादा हळूहळू उठला, दिवाळीत फराळ केला आम्ही, सगळं बरं. मग आंब्याचा हंगाम आला आणि दादा बराच बरा झाला. इतका बरा, की पहाटे तीनला उठून कलमांना फवारणी, दिवसभर फोन, रात्री बागेत राखण, झोप दोन तास. आमची साधी सत्तर-ऐंशी कलमं, याने अजून तीन बागा करायला घेतल्या, उसने पैसे काढून. स्वतःच्या नावाचे छापील बॉक्स, तेही चार हजार! वाशीच्या दलालाला सुट्टी, आता माल थेट दुबईला जाणार होता, आणि कोणी काही विचारलं की, "तुका नाय कळाचा." बोलणं एवढं फास्ट की मधे शिरायला जागा नाही. सगळ्यात वाईट काय सांगू, पहिले दोन-तीन आठवडे आम्ही खूश होतो. आई तर देवीची ओटी भरून आली. आपला दादा कामाला लागला, धडाडी आली म्हणून! ज्या दिवशी तो रात्री एकाला पेट्या घेऊन चालत देवगड बंदराकडे निघाला, बोटीने माल पाठवायला, त्या दिवशी कळलं की ही धडाडी नव्हे.

(त्या आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्याने कसलीशी मुळी उगाळून दिली होती, दादा त्याने दीड दिवस झोपला. नंतर कळलं, सर्पगंधा. ही भानगड मोठी आहे. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिक बोस यांनी सर्पगंधेवर पेपर लिहिला, वेड आणि ब्लडप्रेशर दोन्हीवर चालते म्हणून, मग मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मधे ब्रिटिश हार्ट जर्नलमधे ब्लडप्रेशरचा अभ्यास छापला आणि जगाचं लक्ष गेलं. तिच्यातून रेसरपिन हे औषध काढलं, आणि मग दिसलं की रेसरपिनवरची काही माणसं उदास होतायत. तिथून शास्त्रज्ञ मेंदूतल्या सेरोटोनिन वगैरे रसायनांच्या मागे लागले. म्हणजे आमच्या मागच्या डोंगरातली मुळी, आणि डिप्रेशनची अख्खी एक थिअरी तिच्यावरून निघालेली. म्हणून कोणी उगाळून पिऊ नका हां, प्रेशर धाडकन खाली येतं.)

दादाला बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं. सिंधुदुर्गातली माणसं गोव्याला बांबोळीला जातातच, त्यात नवीन काही नाही. तिथल्या डॉक्टरांनी अर्धा तास आम्हाला प्रश्न विचारले आणि त्यातला एक प्रश्न असा होता जो आधी आम्हाला कोणीच विचारला नव्हता, याच्या आधी कधी असं झालंय का की झोप कमी आणि उत्साह जास्त, चार-पाच दिवस सलग? झालं होतं. कॉलेजात असताना. गॅदरिंगच्या वेळी. आम्ही हौस समजलो होतो.

बायपोलर. दोन टोकांचा आजार, कधी मॅनिया म्हणजे ही असली धडाडी, कधी डिप्रेशन.

पहिल्या डॉक्टरांना मी दोष द्यायचे बरीच वर्षं. आता तेवढा देत नाही, कारण हा आजार फसवाच आहे. नावामुळे वाटतं निम्मा वेळ वर, निम्मा वेळ खाली. तसं नसतं. २००२ साली अमेरिकेतल्या लुईस जड यांच्या टीमने बायपोलर वन (पूर्ण मॅनिया येतो तो प्रकार) च्या १४६ पेशंटचा बारा-तेरा वर्षांचा आठवड्या-आठवड्याचा हिशोब छापला, त्यात निम्म्याला थोडे कमी आठवडे काही ना काही त्रास, एकूण आठवड्यांपैकी डिप्रेशनचे ३२ टक्के तर मॅनियाचे फक्त ९ टक्के. म्हणजे दारात येतो तो बहुतेक वेळा डिप्रेशन घेऊनच येतो. समोर बसलेल्या डॉक्टरला दाढी वाढलेला, खाली बघणारा माणूस दिसतो. छापील बॉक्सवाला दिसत नाही.

आणि हे वाचून अँटिडिप्रेसंट वाईट असा अर्थ काढाल तर तो माझ्यावर ढकलू नका. साध्या डिप्रेशनमधे ती चालतात, २०१८ मधे लॅन्सेट या मेडिकल जर्नलला आंद्रेआ चिप्रियानी यांनी ५२२ ट्रायल एकत्र करून दाखवलं, एक लाख सोळा हजारांवर माणसं, २१ औषधं, सगळीच्या सगळी खोट्या गोळीपेक्षा सरस. थोडीच सरस, पण सरस. बायपोलरचं गणित वेगळं. तिथे २००७ चा एक मोठा अमेरिकन अभ्यास आहे, ३६६ पेशंट, सगळ्यांना खालून मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध, चालू, वरून निम्म्यांना अँटिडिप्रेसंट आणि निम्म्यांना खोटी गोळी. टिकाऊ बरे झाले ते औषधवाल्यांत २३.५ टक्के, खोट्या गोळीवाल्यांत २७.३. म्हणजे काही फरकच नाही. तरी एक, उलटून मॅनियात जायचं प्रमाणही तिथे वाढलं नाही, कारण खाली स्टॅबिलायझर होता. दादाच्या खाली काहीच नव्हतं. होडीला नांगर न टाकता शीड उभारलं होतं आम्ही.

तर नांगर म्हणून आलं लिथियम. लिथियम कार्बोनेट, शोधायला गेलात तर दगडातून निघणारं मीठ. गोळी स्वस्त, काही रुपयांना एक, आणि नैसर्गिक मीठ म्हटल्यावर पेटंट कोण घेणार, त्यामुळे कुठल्या कंपनीचा माणूस बॅग घेऊन डॉक्टरकडे याची जाहिरात करायला जात नसावा असा माझा अंदाज.

याची गोष्ट मला इतकी आवडते की मी दादाला दोनदा सांगितलीय, दुसऱ्यांदा तो झोपला. ऑस्ट्रेलियाचे जॉन केड, डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत सिंगापूरला चांगी कँपमधे तीन वर्षांवर. परत आले ते मेलबर्नजवळच्या एका हॉस्पिटलात, आणि डोक्यात एकच, हे मॅनियाचं वेड शरीरातल्या कुठल्या तरी विषामुळे असणार. मग पेशंटची लघवी गोळा करायची, गिनीपिगला टोचायची. प्रयोगशाळा म्हणजे एक बिनवापराचं स्वयंपाकघर, आणि लघवीच्या बाटल्या घरच्या फ्रीजमधे. (त्यांच्या बायकोला माझा नमस्कार.) टोचण्यासाठी युरिक अ‍ॅसिड विरघळेना म्हणून त्याचं लिथियम मीठ घेतलं, तर गिनीपिग शांत पडले, उताणे केले तरी पडून राहिले. आता म्हणतात की बिचाऱ्यांना बहुधा विषबाधाच झाली होती. म्हणजे थिअरी चुकलेली, प्रयोग चुकलेला, आणि हाताला लागलं ते खरं औषध! केडने आधी स्वतः घेऊन बघितलं आणि मग १९४८ च्या मार्चमधे पहिल्या पेशंटला दिलं. पाच वर्षं सतत मॅनियात असलेला ५१ वर्षांचा माणूस, पेपरमधे नाव फक्त डब्ल्यू. बी. तीन-चार महिन्यांत तो घरी गेला, जुन्या नोकरीवर परत लागला. १९४९ मधे केडने पेपर छापला, दहा मॅनियाचे पेशंट, दहाही सुधारले.

इथपर्यंत सगळीकडे वाचायला मिळतं. पुढचं कोणी सांगत नाही. डब्ल्यू. बी. ने बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली. आजार परत आला, परत भरती, परत लिथियम, आणि १९५० मधे तो लिथियमच्याच विषबाधेने गेला. रक्तातलं प्रमाण मोजायची रीतच तेव्हा बसली नव्हती. हे पहिल्यांदा वाचलं ती रात्र मला आठवते कारण तोपर्यंत आमच्याकडे यातल्या दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या, फक्त तिसरी टळली.

पहिली, गोळी सोडणं. चार वर्षं नीट गेली होती. लग्न झालं, वहिनी आली, पहिली मुलगी झाली. दादाचं म्हणणं सरळ, "मी बरो आसंय. आता गोळी कित्याक व्हयी?" आणि खरं सांगू का, माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरा आहे तो गोळीमुळे की आपोआप? आजार तसाही येतो-जातो, मधे वर्षं-वर्षं माणूस ठणठणीत असतो. तर हा प्रश्न एकट्या दादाचा नाही, याच प्रश्नावर युरोपात मोठं भांडण झालंय.

एका बाजूला डेन्मार्कचे मोगेन्स शाऊ आणि बास्ट्रप. त्यांनी १९६७ मधे ८८ पेशंटचा हिशोब मांडला, लिथियमआधी किती वेळा आजार यायचा आणि लिथियमनंतर किती, फरक प्रचंड. दुसऱ्या बाजूला लंडनचे बॅरी ब्लॅकवेल आणि मायकल शेफर्ड, त्यांनी १९६८ ला लॅन्सेटमधे लिहिलं, मथळाच असा की हे अजून एक थोतांड तर नव्हे. तुलनेला दुसरा गट कुठे? गोळी कोण घेतंय हे डॉक्टरला आधीच माहीत, मग त्याला बरंच दिसणार. शाऊंच्या सख्ख्या भावाला दरवर्षी डिप्रेशन यायचं आणि ते लिथियमने थांबलं होतं, त्यामुळे हा माणूस शास्त्रज्ञ नाही, भक्त आहे असा एकूण सूर.

मी शाऊंच्या बाजूची, उघड आहे. भाऊ म्हटल्यावर. पण शेफर्डचं म्हणणंही खोटं नव्हतं हो, घरचं माणूस बरं झालं की आपण भक्त होतोच, आमची आई गाऱ्हाण्याची भक्त आणि मी आकड्यांची. मग शाऊ मंडळींनी काय केलं, तर लिथियमवर स्थिर असलेले ८४ पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले आणि एका गटाची गोळी गुपचूप खोट्या गोळीने बदलली. ना पेशंटला माहीत, ना तपासणाऱ्याला. पाच महिन्यांत खोट्या गोळीवरच्या ३९ पैकी २१ जणांना आजार परतला. लिथियमवरच्या ४५ पैकी किती? एकालाही नाही. १९७० साली लॅन्सेटला छापून आलं, त्याच वर्षी अमेरिकेने लिथियमला मंजुरी दिली. आता ते २१ जण कोण होते, त्यांच्या घरी त्या पाच महिन्यांत काय काय झालं असेल, असं मला नेहमी वाटतं. आज कोणी असा प्रयोग तसाच करू देणार नाही.

आमच्या घरात झाला. एक पेशंट, चिठ्ठी वगैरे नाही. नवरात्रात सोडली, कोणाला न सांगता, वहिनीला वाटायचं घेतोय. शिमग्यापर्यंत काही नाही. पालखीच्या रात्री तो ढोल घेऊन नाचला तो पहाटेपर्यंत, गावातले सगळेच नाचतात, त्यात काय. दुसऱ्या दिवशी सगळे झोपले आणि दादा झोपला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वहिनीने मला फोन केला तेव्हा तिने बाकी काही सांगितलं नाही, फक्त एवढंच, "वन्सं, बॉक्सवाल्याचा फोन आलेला."

दुसरी गोष्ट त्याच्या पुढच्या मे महिन्यातली. लिथियम परत सुरू, सगळं ठीक. आईला ब्लडप्रेशर म्हणून घरातलं जेवण जवळजवळ बिनमिठाचं, वेगळं कोण करणार म्हणून दादालाही तेच. हंगामाचं शेवटचं टोक, ऊन असं की अंगातला शर्ट पिळावा. पेट्या उचलून पाठ धरली, मेडिकलमधून पेनकिलर आणली, ती पाच-सहा दिवस दिवसातून दोनदा. एका सकाळी वहिनी बघते तर दादाला चहाचा कप धरता येईना, बशीवर टकटक वाजायचा. चालताना झोकांड्या. बोलताना जीभ जड. पाणंदीत शेजारचे अण्णा भेटले तर हसून म्हणाले, "सकाळीच घेतलंस काय रे?" आणि दादा दारूच्या थेंबाला शिवत नाही!

रक्त तपासलं, १.७. दोन दिवस सलाईन.

तेव्हा डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं, ते इथे लिहिते कारण हे कोकणात राहणाऱ्या प्रत्येक लिथियमवाल्याने फ्रीजवर चिकटवावं असं मला वाटतं. किडनीला लिथियम आणि साधं मीठ यातला फरक नीट कळत नाही. दोन्ही भाऊ-भाऊ. घाम गाळून, जुलाब होऊन किंवा न खाऊन अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की किडनी घाबरते आणि मीठ धरून ठेवते, आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. गोळ्या तेवढ्याच, रक्तातला आकडा मात्र चढतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या पेनकिलरनी किडनीतून लिथियम बाहेर जायचं कमी होतं, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही, त्यातल्या लघवी जास्त करणाऱ्या तर खासच. म्हणजे दादाने एकाच आठवड्यात तिन्ही दारं लावून घेतली होती. घाम, अळणी जेवण, पेनकिलर.

यातली गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. केडचा पेपर आला त्याच १९४९ मधे अमेरिकेत हृदयाच्या पेशंटना मिठाऐवजी म्हणून लिथियम क्लोराईड विकत होते. जेवणावर भुरभुरवायला! ही माणसं आधीच मीठ सोडलेली, किडनी मीठ धरून बसलेली, त्यावर लिथियम, आणि तेही मोजून नाही तर चवीपुरतं. माणसं दगावली, ते मीठ बाजारातून उठवलं, आणि लिथियम हे नाव अमेरिकेत पुढची वीस वर्षं बदनाम. आमच्या स्वयंपाकघरातल्या अळणी आमटीचा आणि या सगळ्याचा संबंध लागला तेव्हा मला हसू का रडू कळेना.

तेव्हापासून आईचं वेगळं ताट आणि दादाचं वेगळं. जास्त मीठ खायचं असंही नाही, रोज साधारण एकसारखं, एवढंच. हंगामात दादाच्या बाटलीत कोकम सरबत, चिमूटभर मीठ घालून. पाठ दुखली तर पॅरासिटामॉल, बाकी काही घ्यायचं तर आधी डॉक्टरांना फोन. तीन महिन्यांनी लेव्हल, सहा महिन्यांनी थायरॉइड आणि किडनीसाठी क्रिएटिनिन. लिथियम थायरॉइडला आणि लांबच्या पल्ल्यात किडनीला त्रास देऊ शकतं, हे लपवण्यात अर्थ नाही. दादाला तहान फार लागते, रात्री दोनदा उठतो, वजनही वाढलंय. आणि सगळ्यांना हे लागू पडतं असंही नाही, ज्यांना पडतं त्यांना देवासारखं, बाकीच्यांना दुसरी औषधं आहेत. त्यातल्या व्हॅल्प्रोएटशी तुलना झाली २०१० मधे, ३३० पेशंट, तिथे लिथियम असलेले गट सरस निघाले. आत्महत्या रोखतं का, यावर मात्र माझं मत थोडं हललंय. २०१३ ला ४८ ट्रायल एकत्र करून रोखतं असं आलं होतं आणि मी ते सगळ्यांना सांगत सुटले होते, मग अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरचा ५१९ जणांचा अभ्यास आला २०२१ ला, त्यात काही फरक दिसला नाही, ट्रायल मधेच थांबवली. ते लोक वेगळे, बऱ्याच जणांना मूळ आजार डिप्रेशनचा, हे सगळं खरं. पण आवडीचा अभ्यास तेवढा धरायचा आणि नावडता सोडायचा हे मी करायला लागले तर शेफर्ड साहेब वरून हसतील.

गोळ्यांचंच पुराण झालं, त्यामुळे एक दुसरी गोष्ट पटकन. आमच्या वाडीतल्या एक काकी, मुलगा-सून डोंबिवलीला, नवरा वारलेला. अंग दुखतं, डोकं दुखतं, झोप नाही म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात खेपा घालायच्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन यायच्या. उदास वाटतं हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही, आपल्याकडे येतच नाही तो, अंगच दुखतं. तर गोव्यात विक्रम पटेल आणि संगात या संस्थेने अशाच माणसांवर अभ्यास केलाय, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशनचे ४९५ जण. उपचार कोणी केले, तर सायकॉलॉजीची डिग्री नसलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या साध्या स्थानिक माणसांनी. सहा ते आठ बैठका. त्यात बालपणी काय झालं वगैरे खणत बसत नाहीत, आधी करायचात आणि आता सोडलंत असं काय आहे ते शोधायचं आणि मूड यायची वाट न बघता थोडं थोडं परत सुरू करायचं. तीन महिन्यांनी यातले ६४ टक्के डिप्रेशनच्या बाहेर, नुसत्या नेहमीच्या उपचारवाल्यांत ३९. २०१७ च्या लॅन्सेटमधे आहे. आणि हे बोस्टनला नाही, आमच्यापासून गाडीने तीन तासांवर.

मी काही ट्रेन्ड नाही. पण काकींना विचारलं, मे महिन्यात तुम्ही कोकमाची सोलं करायचात ना, आता का नाही. म्हणाल्या कोणासाठी करू. म्हटलं माझ्यासाठी करा, कणकवलीत विकते. पहिल्या दिवशी पाच रातांबे फोडले आणि आत जाऊन झोपल्या. पाच. दुसऱ्या दिवशी मी गेले नव्हते तरी एक ताट उन्हात होतं असं वहिनी म्हणाली. त्यांच्या गोळ्याही आता सुरू आहेत, आरोग्य केंद्रातून पुढे पाठवलं त्यांना, दोन्हीतलं कशाने बरं वाटतंय ते काकींना विचारायच्या भानगडीत मी पडत नाही. कोणाला लगेच बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस लाईन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि दादाचं वाचून कोणी आपली गोळी आपणच कमी-जास्त करू नका, प्लीज.

परवा तीन महिने झाले म्हणून परत रक्त दिलं. लाल झाकण, मी स्वतः उभी राहून बघितलं, पोरगा तोच होता, आता तो मला बघितलं की आधीच ट्यूब वर करून दाखवतो. रिपोर्ट संध्याकाळी आला. दादा कलमावर, हातात आंबे काढायची घळ, खाली दोन क्रेट. रात्रीच्या राखणीला आता नेपाळी गडी ठेवलाय, पैसे जातात पण दादाने रात्री जागायचं नाही हे ठरलेलं आहे, साडेनऊला गोळी, दहाला आडवा.

"किती इला गो?" वरूनच विचारलं.

"शून्य पॉईंट सहा आठ."

"मगे बरा," म्हणाला, आणि घळ पुढच्या फांदीला लावली. "ती क्रेट सावलीत सरक, चिकाक उन लागता."